पुढे ढकलला की ब्रेक

११ जानेवारी

गॅरेजची कडी गोठली होती. किटलीभर उकळतं पाणी ओतलं तेव्हा कुठे हलली. आत ताडपत्रीखाली मर्सिडीज, सप्टेंबरपासून जशीच्या तशी. दोन टायर बसलेले, ब्रेकच्या नळ्या गंजलेल्या, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा इतका कुजलेला की स्क्रूड्रायव्हर टोचला तो आरपार जाऊन खालच्या सिमेंटला लागला. तिथेच उकिडवी बसले आणि स्वतःला म्हटलं, लातिन्काबाई, हे कसलं झेंगट गळ्यात बांधून घेतेयस तू?

पण बांधून घेतलंय. साखरेने दोचोचा उजवा पाय खाल्ला. प्लेव्हेन शहरातल्या हॉस्पिटलात गुडघ्याखालून कापला, तेव्हा शुद्धीवर आल्या आल्या माझा नवरा काय बोलला? पाणी दे नाही, दुखतंय नाही. "गाडी चालवता येणार नसेल तर मला घरी नेऊच नकोस." जन्मभर फर्निचरचा ट्रक चालवलेला माणूस, आणखी काय बोलणार? मी शब्द दिला, चालवशील. तेव्हापासून तो पलंगावर आहे आणि माझा शब्द माझ्या डोक्यावर. घरात चार पावलं कुबड्यांवर चालतो, पण अंगणात म्हणून उतरत नाही. डॉक्टरीणबाई स्पष्टच बोलल्या, "याला बाहेर काढा. असाच पडून राहिला तर दुसरा पाय जाईल, आणि मग माणूसही जाईल."

तर मी याला बाहेर काढणार. या गाडीला क्लच नाही, गिअर तिचे तीच बदलते. राहिली दोन पेडलं. दोन्ही हाताने दाबता येतील असा एक दांडा स्टेअरिंगजवळ बसवायचा. पुढे ढकलला की ब्रेक, खाली दाबला की गॅस. आयुष्य लेथवर काढलं मी, एवढा दांडा मला जमणार नाही तर कुणाला? गाडी चालवायला मात्र मी कधी शिकले नाही. आमच्या घरात बॉनेटखालचं काम दोघांचं, स्टेअरिंग त्याचं एकट्याचं.

कारखान्यात पाळी संपली की काय केलं, काय बिघडलं, ते लिहायची सवय होती. म्हणून ही डायरी. पंचवीस मार्चला ब्लागोवेत्सचा सण. त्या दिवशी हाती घेतलेलं काम सरळ जातं म्हणतात आमच्या डोंगरात. त्या दिवशी दोचो गाडी फाटकाबाहेर काढेल. लिहून ठेवलं म्हणजे पळवाट नाही.

२० जानेवारी

शेजारचा मिन्कोदादा वेल्डिंगचं मशीन घेऊन आला. बायको गेल्यापासून त्याला कुणाशी तरी भांडल्याशिवाय जेवण पचत नाही, आणि वाडीत आम्ही चारच घरं, त्यामुळे तो बहुतेक माझ्याशीच भांडतो. कुजलेला पत्रा ग्राइंडरने कापून काढला तर ड्रायव्हरच्या सीटखाली भलंमोठं भोक.

"वा! आता दोचोला दांडा कशाला? पाय खाली सोडून पळवेल की गाडी," मिन्को म्हणाला.

"एकच पाय आहे त्याला."

"मग लंगडी घालेल."

मी हातातली चिंधी फेकून मारली. पण हसले. या घरात बऱ्याच दिवसांनी हसले.

दुपारी वर गेले तर दोचो स्वतःची कॉफी ओतून घेत होता. एवढं बरं वाटलं, पण बघते तर पठ्ठ्याने कपात बोट घातलेलं! कडेवरून बोट आत वाकवलेलं आणि वरून कॉफीची धार. म्हटलं, "डोळे फुटले का तुझे? घाणेरडं बोट घालून काय पितोस?" त्याने कप उचलला आणि रेडिओकडे तोंड फिरवून बसला. पेपर तर आता हातातही घेत नाही. मी रोज खालून वर चढून तो आणते, आणि त्यात शेवटी बटाट्याची सालं जातात.

४ फेब्रुवारी

खालचा पत्रा झाला. ब्रेकच्या नळ्या नव्या टाकल्या. डावा मडगार्ड खरवडला, लांबी भरली, प्रायमर मारला. हाताच्या बोटांना भेगा पडल्यात.

दांड्याचा पहिला नमुना फसला. मिन्कोने अंगणात गाडी चालू करून जोरात ढकलला, तर पेडलपर्यंत जाणारी नळी मधेच वाकली आणि गाडी आपली जातेच आहे. कोंबड्यांच्या खुराड्याला धडकून थांबली. कोंबड्या अजून अंडी देत नाहीत.

"लातिन्का," मिन्को उतरून म्हणाला, आणि या वेळी हसत नव्हता, "हे फाटकाच्या बाहेर झालं असतं तर? उतारावर?"

मला कळत नाही का ते? फाटकाबाहेर पडलं की उतारच आहे, सरळ ओढ्यापर्यंत. माझ्या हातच्या लोखंडावर माझ्या नवऱ्याचा जीव आहे. नळी नको, भरीव गज घेणार. संध्याकाळी त्याच विचारात भाजी केली, आणि दोचो म्हणतो, मीठ जास्त झालंय.

१० फेब्रुवारी

देनित्साचा सोफियाहून फोन, चित्रासकट. पोरीने केस कापून लालभडक रंगवलेत, टोमॅटोसारखे. मी किंचाळलेच. तिने फोनवरून बापाला विचारलं, "बाबा, कशी दिसते?" तर म्हणे, "माझी पोरगी कायम छानच दिसते. जेवतेस ना नीट?" केसांबद्दल एक अक्षर नाही! पूर्वी तिने नखं रंगवली तरी आठवडाभर घर डोक्यावर घ्यायचा. फोन ठेवल्यावर देनित्साने मला वेगळा निरोप पाठवला, बाबा माझ्यावर रागावलेत का? मी लिहिलं, तो सगळ्या जगावर रागावलाय, तू मनावर घेऊ नकोस.

१७ फेब्रुवारी

नवा दांडा. भरीव गज, सांधे मी स्वतः खरादले, कारखान्यातल्या माझ्या जुन्या लेथवर. फोरमनने रविवारी गुपचूप आत घेतलं. कोणत्या बाजूला बसवायचा यावर दोन दिवस डोकं खाजवलं. ड्रायव्हरची सीट डावीकडे, म्हणून शेवटी दांडा उजवीकडे, दोन सीटांच्या मधल्या अंगाला. दोचोचा उजवा हात जास्त जोराचा, स्टेअरिंगला डाव्या हातासाठी लाकडी गोळा बसवला. मिन्कोने ढकलून पाहिला, लटकून पाहिला, शिव्या देऊन पाहिला. वाकला नाही.

मी आनंदाने वर धावले. "दोचो, खाली चल, हात लावून बघ!"

"उद्या."

"उद्या काय? तुझ्यासाठी केलंय!"

"मी सांगितलं होतं करायला?"

दार आपटून खाली आले. मग बराच वेळ गाडीत बसले. सीटला अजून त्याचा वास आहे, तंबाखू आणि डिझेल. मला वाटतं तो घाबरलाय. पायाला लाजतो. एकदा बसला की सगळं परत येईल.

२३ फेब्रुवारी

दांडा ब्रेकच्या पेडलला जोडणारी पिन गायब! माझ्या करंगळीएवढी, मी स्वतः घासून गुळगुळीत केलेली. काल बसवली होती, आज नाही. सगळं गॅरेज झाडलं. जमिनीवर गंजाचा भुगा पसरलाय, त्यात कसले तरी गोल गोल ठसे, नाण्याएवढे. रंगाच्या बाटल्यांचे असतील.

नवी पिन करायला घेतली.

१ मार्च

आज बाबा मार्ताचा, म्हणजे वसंत आणणाऱ्या मार्चआजीचा दिवस. घरात सगळ्यांच्या मनगटाला लाल-पांढरे दोरे, एक गाडीच्या आरशालाही. दोचोने मुकाट्याने हात पुढे केला. या बाबतीत तो लहान मुलासारखा. करकोचा किंवा पहिलं फुललेलं झाड दिसलं की दोरा सोडून फांदीला बांधायचा, आणि दरवर्षी अख्ख्या वाडीआधी हाच बांधतो. ट्रक चालवत असताना एकदा वाटेत गाडी थांबवून ग्रीसच्या हद्दीजवळ कुठल्या तरी बदामाला बांधून आला होता. म्हटलं, या वर्षीही तूच पहिला. म्हणाला, "बघू."

६ मार्च

दुसरी पिनही गेली! आणि या वेळी गॅरेजला कुलूप होतं, किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. किल्ली कुठे असते हे बाहेरच्यांत फक्त मिन्कोला ठाऊक. माझं टाळकं सटकलं. तडक त्याच्या दारात.

"मिन्कोदादा, पिन कुठेय?"

"कसली पिन?"

"नाटकं करू नकोस. तुला पहिल्यापासून हे पटलेलं नाही."

तो उंबऱ्यात आला. "नाही पटलेलं. रात्री झोप लागत नाही मला त्या उताराच्या विचाराने. पण चोर नाही मी, लातिन्का." आणि दार लावून घेतलं.

चुकलंच माझं. पण मग कुणी नेली? दोचोला सांगितलं तर तो नुसता भिंतीकडे बघून म्हणाला, "कदाचित गाडीलाच नको असेल." असलं काहीतरी बोलतो हल्ली.

१२ मार्च

आज मडगार्डला शेवटचा हिरवा हात मारला. जुना रंग उन्हाने उडालेला, नवा त्याच्याशी जुळवताना जीव मेटाकुटीला आला. शेवटी भांडूनतंडून दोचोला खाली आणला, निदान गॅरेजच्या दारापर्यंत. कुबड्या टेकत आला. म्हटलं, "सांग, जुळतो का रंग?"

त्याने मडगार्डवरून हात फिरवला. दारावरून फिरवला. पुन्हा मडगार्डवरून. इतक्या हळू, जणू घोड्याला थोपटतोय. "छान गुळगुळीत झालंय," म्हणाला.

"रंग विचारला मी! गुळगुळीत काय?"

"छान झालंय गं." आणि वळला. वळताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बरं झालं. आहे म्हणजे अजून जीव आत.

१५ मार्च

आता कागद. हात-दांड्यावर गाडी चालवायची तर डॉक्टरांच्या मंडळापुढे जावं लागतं. पाय बघतात, हात बघतात, डोळे बघतात, सही करतात. मी वेळ घेऊन आले तर हा म्हणतो जाणार नाही.

"का?"

"मला तपासून घ्यायचं नाही."

"अरे, हाताने चालवता येतं एवढंच दाखवायचंय!"

"लातिन्का, सोड ना आता." इतक्या मऊ आवाजात म्हणाला की मला भीतीच वाटली. मग त्या भीतीचाही राग आला. इतके महिने मी थंडीत गाडीखाली पाठ मोडून घेतली, सोडायला? बोलले नको ते सगळं. भित्रा म्हटलं. तुझ्यापेक्षा पाय कापलेला कुत्रा बरा, तो तरी दारापर्यंत पळतो, असंही म्हटलं. शेवटी तो म्हणाला, "बरं. ब्लागोवेत्सला. वाडीतल्या वाडीत, पुलापर्यंत. कागद नंतर."

जिंकले मी.

१९ मार्च

दोन दिवस उबदार वारा सुटला आणि खिडकीसमोरचं रानटी आलुबुखार एका रात्रीत फुललं. पांढरंशुभ्र, कपडे वाळत घातल्यासारखं. दोचो दिवसभर त्याच खिडकीत बसतो, काच बंद करून. आणि मनगटाला दोरा तसाच!

मी मुद्दामच काही बोलले नाही. मला कळतं सगळं. दोरा सोडला म्हणजे वसंत आला, वसंत आला म्हणजे गाडी. एवढं समोर झाड फुललंय आणि हा बघत नाही म्हणजे नाही. याच्यासारखा हट्टी माणूस अख्ख्या बाल्कनात मिळणार नाही.

२४ मार्च

तिसरी पिन चांगली कडक केली आणि दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. उद्या सकाळीच बसवणार. आता बघू कोण नेतो.

मिन्कोकडे चीज भरलेली गरम बनित्सा घेऊन गेले, माफी मागितली. त्याने बनित्सा घेतली, माफी ठेवली बाजूला. म्हणाला, "उद्या मी फाटकापाशी असेन." त्याने काल वर्षभराचं सरपण उतरवून घेतलंय. वळणावर ओंडक्यांचा ढीग अर्धा रस्ता अडवून पडलाय. म्हटलं, हे काय मधेच? तर म्हणे ट्रकवाल्याने तिथेच ओतलं, कंबर धरलीये, सोमवारी उचलतो. दोचोला सांगायला हवं होतं का? जाऊ दे, दिसेलच की त्याला.

जेवण गेलं नाही. दांड्याचा प्रत्येक सांधा मनात पुन्हा पुन्हा तपासतेय. गज धरेल. सांधे धरतील. चूक असली तर ती माझ्या कामात असेल, आणि माझ्या कामात चूक नाही. देवा, असली तर आज दाखव, उद्या नको.

२५ मार्च

लिहून टाकते.

सकाळी पिन बसवली. दोचोने दाढी केली, दोन ठिकाणी कापून घेतलं. चामड्याचा कोट घातला. मिन्को फाटकापाशी, वरच्या घरातली दोन्ही म्हातारी माणसंही काठ्या टेकत आलेली. मी तांब्याच्या भांड्यात पाणी घेतलं, चाकापुढे ओतलं, पाण्यासारखी सरळ जा म्हटलं. दोचो आत बसला. त्याने कशाला म्हणून शोधलं नाही. हात सरळ किल्लीवर, सरळ लाकडी गोळ्यावर, सरळ दांड्यावर. इंजिन सुरू झालं आणि त्याचा चेहरा... माझा नवरा परत आला होता. मी शेजारी बसले.

निघालो. काय चालवत होता! खड्डा आला की आधीच हळू, फाटकाचा खांब हातभर लांब ठेवून. दांडा लोण्यासारखा. मी रडत होते आणि हसत होते. मिन्कोच्या धुराड्यावर खरोखरच करकोचा येऊन बसलेला दिसला. मी ओरडले, "दोचो, करकोचा! बघ!"

"हो गं, दिसला," तो म्हणाला, आणि ओढ्याच्या बाजूला मान वळवली.

धुराडं दुसऱ्या बाजूला होतं. मला ते नुसतं विचित्र वाटलं, बास. तेवढ्यात वळण आलं. समोर ओंडके. तो वळण घेत होता, अगदी नेहमीच्या जागी, नेहमीइतकं, आणि गाडी ढिगाच्या मधोमध चालली होती. मला वाटलं आता ढकलेल दांडा. आता ढकलेल. चेहऱ्यावर शांत हसू. "दोचो!" मी किंचाळले. त्याने फक्त विचारलं, "काय?"

त्याच्या हातावर हात ठेवून मी तो दांडा अंगातल्या सगळ्या जोराने पुढे ढकलला.

धरला. गजाने धरलं. गाडी ओंडक्यांना नाक लावून थांबली, वरचा एक ओंडका घरंगळत बॉनेटवर आला आणि हिरव्या रंगावर ओरखडा पाडून खाली पडला. डावीकडे हातभर रस्ता आणि मग सरळ ओढा. इंजिन चालूच होतं.

"लातिन्का," तो म्हणाला. "काय होतं तिथे?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता, माझ्या कानाच्या जरा पलीकडे.

२६ मार्च

सकाळी टेबलावर दोन पिना होत्या. त्याने कोटाच्या खिशातून काढून ठेवल्या, एकमेकींना समांतर, बोटाने चाचपून.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यापासून. आधी मधोमध डाग. मग धूर. आता कडेकडेने थोडं दिसतं. उजेड कळतो, तू हललीस की कळतं."

"आणि बोलला नाहीस?"

"ट्रक काढून घेतला असता. मग पाय गेला." त्याने एक पिन बोटाखाली फिरवली. "बरं वाटलं मला, लातिन्का. खरं सांगतो. पायामुळे गाडी सुटली म्हणता आलं असतं. पाय दिसतो सगळ्यांना. म्हणून हॉस्पिटलात तसं बोललो. वाटलं, तू म्हणशील बिचारा, आणि संपेल विषय. आणि तू दांडा करायला बसलीस."

मला त्याला मारावंसं वाटलं. खरंच हात उचलला होता. त्याला तो दिसला नाही आणि तो हलला नाही, तेव्हा हात आपोआप खाली आला.

"काल का बसलास मग? मला मारायला?"

"रस्ता पाठ आहे मला. म्हटलं पुलापर्यंत एकदा. तू पाणी ओतलंस. सगळे उभे होते." मग हळूच, "दांड्यासकट सगळं जागच्या जागी होतं गं. फार छान केलंस तू."

रडले. कॉफीतलं बोट आठवून रडले, लाल केस आठवून, गुळगुळीत आठवून. डोळे फुटले का तुझे, मी म्हणाले होते. तोंडाने. मिन्कोकडे गेले, सगळं सांगितलं. तो म्हाताराही रडला, आणि मग हातगाडी घेऊन कंबर धरत धरत स्वतःच ओंडके उचलायला लागला.

दुपारी दोचोला अंगणात नेलं. या वेळी आला. आलुबुखाराची फांदी वाकवून त्याच्या हातात दिली. त्याने नाकाशी नेली, पाकळ्या ओठांना लागल्या. "कधी फुललं?" "झाले काही दिवस." त्याने मनगट पुढे केलं, मी दोरा सोडला, त्याच्या बोटांना बांधायला दिला. गाठ त्याने पक्की मारली.

९ एप्रिल

मिन्कोने त्याच्या खटाऱ्यातून प्लेव्हेनला नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरने दोचोला खडसावलं, मग मलाही. गेलं ते परत येत नाही. उरलंय ते राखता येईल, लेझर आणि डोळ्यात सुया, दर महिन्याला, न चुकता. चुकवलं तर उजेडही जाईल.

दर महिन्याला. वाडीवरून बस कधीच बंद झाली. मिन्को म्हणतो मी नेईन, पण त्याचा खटारा खोकतो आणि तो स्वतःही.

घरी उतरताना दोचो म्हणाला, "लेथवर तुझे किती हात चालायचे एकाच वेळी?"

"दोन. एक सरकवायला, एक थांबवायला. का?"

"काही नाही."

१४ एप्रिल

का ते कळलं. आज त्याने मला स्टेअरिंगपुढे बसवलं, स्वतः शेजारी. या वयात! मी म्हटलं मला शाळेत जाऊन पेडलं शिकू दे. म्हणाला, शीक, परवाना पेडलांवरच मिळेल, पण आज तुझे पाय पत्र्यावर थरथरतायत, ऐकू येतंय मला, हात बघ, शांत आहेत. बघितलं तर खरंच शांत होते. अंगणात कोंबड्यांभोवती तीन फेऱ्या. तो कान देऊन ऐकत होता. "गॅस कमी. इंजिन ओरडतंय, ऐक. ब्रेक असा दाबू नकोस, लोखंड कापत नाहीयेस तू!" मी म्हटलं, गप बस, माझा दांडा आहे. भांडलो. खुराडं वाचलं.

२ जुलै

परीक्षेत नापास. पार्किंग. परीक्षक माझ्या पोरीच्या वयाचा, वर तोंड करून "आजी" म्हणाला. पुन्हा जाणार.

१९ ऑगस्ट

परवाना हातात आहे. आज प्लेव्हेन.

आपल्या गाडीतला दांडा काढायचा ठरवलं होतं. दोचो म्हणाला, राहू दे. मीही मग काढला नाही. हातांना तोच ठाऊक आहे. बॉनेटवरचा ओरखडाही रंगवला नाही.

मिन्को फाटकापाशी टोपी हातात धरून उभा, जणू मी चंद्रावर चाललेय. मी स्टेअरिंगपुढे बसले तर दोचो म्हणतो थांब. कुबड्यांवर हळूहळू घरात गेला, तांब्याचं भांडं घेऊन आला. कुणाला हात लावू दिला नाही. पुढे आला, वाकला, ओतलं. अर्धं पाणी माझ्या दारावर, अर्धं बाहेर काढलेल्या माझ्या पायांवर.

"चाक डावीकडे आहे, दोचो! डावीकडे!"

"मग सांगायचंस ना!" उरलेलं त्याने बरोबर चाकापुढे ओतलं आणि हसला. मोठ्याने, सगळे दात दाखवून. मग बॉनेटवर हात टेकत टेकत फिरून शेजारी येऊन बसला आणि दार लावलं.

फाटकाबाहेर पडलो. उतार. माझ्या पाठीला घाम.

"मिन्कोचं वळण आलं ना?" त्याने विचारलं.

"आलं."

"लाकडं आहेत का?"

"नाहीत. रस्ता मोकळा आहे."

"मग दाब," तो म्हणाला.

मी दांडा खाली दाबला.